हात पुढे करायचा, ओढायचा नाही

पत्राचा सारांश: बोस्टनजवळच्या एका गावात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका मराठी बाईंचं हे पत्र आहे. नऊ वर्षं त्या कॉन्ट्रा डान्सला जातात आणि दोन वर्षांपासून स्टेजवरून नाच पुकारतात, म्हणजे 'कॉलर' आहेत. अलीकडे त्यांच्या हॉलमध्ये कॉलेजची मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली आहेत. व्हिडिओत पाहिलेल्या गिरक्या आणि डिप (जोडीदाराला मागे झुकवणं) ती करतात, हात घट्ट धरतात, आणि जुनी मंडळी कुरकुरतात. दोन महिन्यांपूर्वी सत्तरीतल्या एका नर्तिकेचा खांदा दुखावला. बारा वर्षं नियमित येणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना जोरात गिरकी दिली होती. आयोजक पत्र लिहिणाऱ्या बाईंना म्हणाले, 'आता स्टाइल आणि सेफ्टी तुम्हीच शिकवा.' पुढच्या वेळी त्यांनी नाच सुरू होण्याआधी सहा-सात मिनिटं सूचना दिल्या. बँड वाद्यं हातात धरून थांबला, लोक चुळबुळ करू लागले आणि मध्यंतरात कोणीतरी बोललंच, 'आम्ही नाचायला येतो, लेक्चर ऐकायला नाही.' बाई विचारतात: हे शिकवणं खरंच माझं काम आहे का? तीस-तीस वर्षं नाचणाऱ्या इथल्या लोकांना माझ्यासारखीने, माझ्या उच्चारात, काय शिकवायचं? नव्या मुलांना आवर कसा घालू? आणि त्या गृहस्थांचं काय करू?

नमस्कार.

तुमच्या पत्रात नव्या मुलांबद्दल पानभर मजकूर आहे आणि दुखावलेल्या खांद्याबद्दल चार ओळी. पण त्या चार ओळींत गिरकी देणारा माणूस कॉलेजचा नाही, बारा वर्षं त्याच हॉलमध्ये नाचणारा आहे. हे तुमच्या लक्षात आलेलं असणार, आणि बहुधा म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं. नव्यांना सांगणं सोपं, जुन्यांना सांगणं अवघड. मग अवघड माणसाची काळजी आपण सोप्या माणसांच्या नावावर मांडतो. मी स्वतः हे कितीदा केलं आहे, म्हणून ते मला चटकन दिसलं.

ज्यांनी हा नाच पाहिलेला नाही त्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. कॉन्ट्रा हा अमेरिकेच्या ईशान्येकडचा, न्यू इंग्लंडचा समूहनाच. त्याचं मूळ इंग्लंडच्या गावनाचांत. लंडनच्या जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये अशा नाचांच्या चाली छापल्या. पुढे ते नाच समुद्र ओलांडून इकडे आले आणि न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्सच्या टाउन हॉलांत टिकून राहिले. लांब रांगा, समोर जोडीदार, चार-चार जणांचे गट. कॉलर आधी संगीताशिवाय एकेक फिगर, म्हणजे नाचातली ठरलेली हालचाल, चालत चालत करवून घेतो, त्याला वॉक-थ्रू म्हणतात. मग फिडल आणि पियानो सुरू होतात. ६४ मात्रांचं एक आवर्तन असतं, साधारण अर्ध्या मिनिटाचं. ते संपलं की प्रत्येक जोडी रांगेत एक घर पुढे सरकते आणि तिला नवे शेजारी मिळतात. असं आठ-दहा मिनिटं चालतं. चाल अंगात बसली की कॉलर हळूहळू गप्प होतो आणि हॉल आपला आपण नाचत राहतो. कोणीही यावं, जोडीदार आणायची सक्ती नाही. माझं या नाचावर फार प्रेम आहे. मी वीसेक वर्षं नाचते आहे, त्यातली बरीच पुकारण्यातही गेली.

आता एक हिशेब मांडू या. नऊ मिनिटांच्या नाचात सोळा-सतरा आवर्तनं होतात. आजच्या बहुतेक नाचांत एका आवर्तनात जोडीदाराबरोबर एक स्विंग, म्हणजे एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरणं, असतो आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याबरोबरही एक. म्हणजे एका नाचात तीसेक स्विंग. संध्याकाळी आठ-दहा नाच नाचणाऱ्या माणसाचा खांदा अडीचशे-तीनशे वेळा दुसऱ्याच्या हातात जातो. पूर्वी असं नव्हतं. जुन्या नाचांत पहिली जोडी बरंचसं नाचायची, दुसरी जोडी बराच वेळ उभी असायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोस्टन परिसरातले टेड सॅनेला आणि त्यांच्यासारखे रचनाकार सगळ्यांना भरपूर नाचायला मिळेल असे नाच रचू लागले. ते लोकांना आवडले, मलाही आवडतात. पण त्यामुळे सांध्यांवरचा भार वाढला आहे. मोठा हिसका सगळ्यांना दिसतो. तीनशे वेळा बसलेला बारीक हिसका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना कळतो.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे, ती मी पुढे त्या गृहस्थांबद्दल लिहीन तेव्हा लागेल. या तीनशेपैकी जवळजवळ निम्मे हात आपण निवडलेले नसतात. जोडीदार आपण निवडतो. शेजारी रांगेतून येतात, जो येईल तो.

तर तुमचा पहिला प्रश्न: हे माझं काम आहे का? हो, आहे. पण आयोजकांनी ते तुमच्याकडे ज्या शब्दांत सोपवलं त्यातच घोटाळा आहे. 'स्टाइल आणि सेफ्टी' म्हटलं की दोन वेगळे डबे डोळ्यांसमोर येतात. एकात शोभा, दुसऱ्यात नियम. तुम्ही त्या दिवशी शोभेचा डबा बाजूला ठेवून नियमांचा उघडलात आणि सहा मिनिटं वाचत राहिलात. मला मात्र इतक्या वर्षांत या दोन गोष्टी कधी वेगळ्या दिसल्या नाहीत. ज्याच्या हातात नाचताना मला सगळ्यात हलकं वाटतं, त्याच्याच हातात मी सगळ्यात सुरक्षित असते. ज्याचा अलेमांड (एकेक हात धरून एकमेकांभोवती फिरणं) सुंदर, त्याचा अंगठा माझ्या हाताला टोचत नाही. म्हणून सेफ्टीचा वेगळा तास घेऊ नका. चांगलं नाचणं शिकवा, तेही थोडं थोडं, ज्या फिगरची वेळ आली आहे त्या फिगरपुरतं.

तुम्ही लहानपणी फुगडी घातली असणार. हात फुलीसारखे, चवड्यांना चवडे, अंग मागे रेललेलं. त्या रेलण्यातूनच वेग येतो. कॉन्ट्राच्या स्विंगमध्येही वेग तसाच येतो, त्याला इथले लोक 'गिव्हिंग वेट' म्हणतात. मी पहिल्यांदा स्विंग केला तेव्हा माझ्या जोडीदाराने विचारलं, 'हे तुला आधीपासून कसं येतं?' मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, घरी येताना गाडीत सुचलं. पण फुगडीत आणि स्विंगमध्ये एक मोठा फरक आहे. फुगडीत एकीचा हात सुटला की दोघी पाठीवर. स्विंगमध्ये हात सुटला तरी दोघांनी आपापल्या पायांवर उभं राहायला हवं. हा फरक एकदा अंगात उतरला की सेफ्टीचे निम्मे नियम सांगावेच लागत नाहीत.

तो अंगात उतरवण्यासाठी माइकची गरज नाही. नाचाआधी नवख्यांसाठी अर्ध्या तासाचा वर्ग असतो ना, त्यात हे करून बघा. दोघांना समोरासमोर उभं करा. दोन्ही हात धरायला लावा, कोपर किंचित वाकलेलं. हलकेच मागे रेलायला सांगा. 'ताण जाणवला? छान. आता हळूहळू हात सोडा.' पहिल्या वेळी निम्मे लोक एक पाऊल मागे धडपडतात आणि हसतात. काहीही न समजावता तेच पुन्हा करून घ्या. दुसऱ्या वेळी सगळे कमी रेलतात आणि आपापलं वजन आपल्याच टाचांवर ठेवतात. तिसऱ्या वेळी संगीत लावा. याला दोन मिनिटं लागतात, आणि ही दोन मिनिटं तुमच्या त्या सहा मिनिटांपेक्षा जास्त काम करतात, कारण चूक त्यांना त्यांच्याच शरीराने सांगितलेली असते.

मग स्विंगची पकड. जोडीत डाव्या बाजूच्या भूमिकेला लार्क म्हणतात, उजव्या बाजूच्या भूमिकेला रॉबिन. लार्कचा उजवा तळवा रॉबिनच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, सपाट, बोटं न रुतवता. रॉबिनचा डावा हात लार्कच्या दंडावर किंवा खांद्यावर, पण तिथे लोंबकळायचं नाही. पुढचे दोन हात सहज धरलेले, ताठ भाल्यासारखे रांगेत घुसलेले नकोत. उजवी पावलं शेजारी शेजारी, आणि डाव्या पायाने लहान मुलं स्कूटर ढकलतात तसं ढकलत जायचं. ज्यांच्या गुडघ्यांना हे झेपत नाही त्यांनी साधं चालत फिरावं, स्विंग तेवढाच खरा. चक्कर येणाऱ्यांनी जोडीदाराच्या डोळ्यांकडे बघावं. डोळ्यांत बघणं ज्यांना अवघड वाटतं त्यांनी कानाकडे किंवा शर्टाच्या गळ्याच्या बटणाकडे. हे शेवटचं वाक्य वगळू नका. आपल्याकडच्या किती तरी मुली आणि मुलगेसुद्धा पहिल्याच दिवशी परक्याच्या डोळ्यांत बघायला लागलं म्हणून पुन्हा आलेले नाहीत. तशा दोघींना मी स्वतः ओळखते.

संध्याकाळ सुरू झाली की नियम एकच ठेवा: एका नाचाला एक वाक्य. वॉक-थ्रूमध्ये ती फिगर येईल तेव्हाच म्हणायचं, आधी नाही. आणि काय करू नये हे सांगण्यापेक्षा काय करायचं ते सांगायचं. 'हात आवळू नका' म्हटलं की आवळलेला हात डोळ्यांसमोर येतो. 'बोटांची आकडी करा, अंगठा मोकळा सोडा' म्हटलं की हात आपोआप सैल होतो. अलेमांडला हे वाक्य पुरतं, त्याला जोड म्हणून 'कोपर खाली, मनगट सरळ.' मनगट धरून करायच्या स्टारला (चौघांनी एकेक हात मध्ये घालून गोल चालणं): 'पुढच्याच्या मनगटावर हात नुसता ठेवा.' पुढे-मागे जाणाऱ्या लांब रांगांना: 'शेजारी उंचीने लहान असेल तर हात त्याच्या उंचीला.' दहा नाचांत दहा वाक्यं झाली. कोणालाही लेक्चर ऐकल्यासारखं वाटणार नाही, आणि बँडही खोळंबणार नाही.

गिरकीसाठी मात्र मी दोन वाक्यं खर्च करीन, कारण तुमच्या हॉलमध्ये खांदा तिथेच दुखावला. कर्टसी टर्नमध्ये (जोडीने शेजारी शेजारी, हात धरून जागीच वळणं) किंवा स्विंगच्या शेवटी एकाने हात वर केला म्हणजे त्याने विचारलं. उत्तर दुसऱ्याने द्यायचं. गिरकी घ्यायची असेल तर तो त्या हाताखालून स्वतःच्या पायांनी फिरेल, वरच्या हाताने फक्त दाराच्या बिजागरीसारखं राहायचं, बोटं सैल. नको असेल तर हात खाली, कमरेच्या उंचीला ठेवायचा, बस. हे नाही म्हणणं माइकवरून, सगळ्यांसमोर, नाचाचीच एक खूण म्हणून शिकवा. तसं एकदा जाहीर झालं की हात खाली ठेवणारी व्यक्ती उद्धट ठरत नाही. त्या सत्तरीतल्या बाईंच्या हाती त्या दिवशी अशी एखादी सर्वमान्य खूण असती तर त्यांनी ती वापरली असती, असं मला राहून राहून वाटतं.

आणि हे सगळं दोन्ही भूमिकांना सांगा. तुमच्या पत्रात 'पुरुष ओढतात, बायकांना लागतं' असा सूर आहे. तसं घडतं हे मी नाकारत नाही. पण रॉबिनही लार्कच्या हाताला लटकून स्वतःच गिरकीत झोकून देतात, आणि लार्कचा खांदा जातो. शिवाय आता कोणीही कुठलीही भूमिका नाचतं. लार्क-रॉबिन हे शब्द आले त्यामागे तेही एक कारण होतं. डिपबद्दल इतकंच: रांगेत मागे दुसरी रांग असते, तिथे कोणाचं डोकं किंवा टाच येईल हे दिसत नाही. तोंडाने विचारल्याशिवाय नको, आणि गर्दीत तर नकोच.

नवी मुलं हे सगळं शिकतात कुठून? तुम्हाला वाटतं व्हिडिओतून. थोडं तिथूनही शिकत असतील. पण रांगेत उभं राहिल्यावर ती समोरच्या सगळ्यात झोकदार जोडीकडे बघतात आणि तसं करू पाहतात. म्हणून पुढच्या कार्यक्रमाआधी तुमच्या ओळखीच्या चार अनुभवी, हळुवार नर्तकांना फोन करा. त्यांना म्हणा, पहिले तीन नाच नव्या लोकांबरोबर नाचा, आणि त्या तीन नाचांत एकही जादा गिरकी घेऊ नका. त्या चौघांच्या हातून नव्यांना जे कळेल ते तुमच्या किंवा माझ्या शब्दांतून कळणार नाही.

आता एक गोष्ट, जिच्याकडे नवे कॉलर फार उशिरा बघतात. हॉल सुरक्षित करण्याचं तुमचं सगळ्यात मोठं साधन बोलणं नाही, नाचांची निवड आहे. मी पुकारायला लागले त्या पहिल्या वर्षातला प्रसंग सांगते. हॉल भरलेला, उकाडा, आणि मी उत्साहाने एकापाठोपाठ एक तीन नाच असे निवडले की प्रत्येकात शेजाऱ्याबरोबर सोळा मात्रांचा स्विंग, त्यानंतर लगेच जोडीदाराबरोबर 'राइट शोल्डर राउंड' (हात न धरता, उजवे खांदे जवळ ठेवून एकमेकांभोवती फिरणं) आणि परत स्विंग. सगळं एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. तिसऱ्या नाचात रांगेच्या टोकाची एक मुलगी, बहुधा दुसऱ्यांदाच आलेली, स्विंग सुटताच भिंतीकडे भरकटली आणि खाली बसली. हनुवटी खुर्चीच्या कडेवर आपटली. टाके पडले नाहीत, पण रक्त आलं. कोणी तिला ओढलं नव्हतं, कोणी काही चुकीचं केलं नव्हतं. चूक माझ्या हातातल्या, नाच लिहिलेल्या कार्डांच्या क्रमात होती. त्या रात्री घरी जाऊन मी माझी सगळी कार्डं काढली आणि प्रत्येकावर पेन्सिलने बाण काढले, नाच किती आणि कुठल्या दिशेला फिरवतो ते. आजही मी दोन गरगरणारे नाच लागोपाठ ठेवत नाही. मध्ये एखादा चालता, 'हे' नावाच्या फिगरचा (चौघांनी वेणीसारखं एकमेकांमधून जाणं) किंवा रांगांचा शांत नाच येतो. पहिल्या नाचात कर्टसी टर्न नसलेलाच बरा, कारण तिथेच गिरक्यांचा मोह होतो. गर्दी असेल तर आठ मात्रांचे स्विंग असलेला नाच घ्या.

बँडशीही बोला. वेग मिनिटाला १२० मात्रांकडे सरकू लागला की ११२ पर्यंत खाली आणायला सांगण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि चांगले वादक ते आनंदाने करतात. नाच तात्काळ थांबवण्याची एक हाताची खूण त्यांच्याशी कार्यक्रमाआधी ठरवून ठेवा. कोणी पडलं तर संगीत थांबलंच पाहिजे. नुसतं 'सांभाळा' ओरडून शेजारची रांग थांबत नाही, तिचे पाय फिडल ऐकत असतात. रांगा दाटल्या तर एक रांग वाढवा. मोठ्या खड्याच्या अंगठ्या काढून ठेवायला आणि बाहेरचे बूट बदलायला दारावरच्या माणसाने सांगावं, ते तुम्ही स्टेजवरून सांगायची गरज नाही.

आता उच्चाराबद्दल आणि 'माझ्यासारखीने' या शब्दाबद्दल. तो शब्द वाचून मला वाईट वाटलं, कारण तो मीही वापरलेला आहे. तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. एकच सूचना एका उच्चारात ऐकली की लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या उच्चारात ऐकली की भुवया उंचावतात, हे मी पाहिलं आहे. पण या नाचाचा इतिहास जरा जवळून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नाचासाठी फिडल वाजवता वाजवता फिगर पुकारणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे वादक मोठ्या संख्येने होते. त्यांतले कित्येक गुलामगिरीत होते. ज्या हॉलमध्ये त्यांना नाचायला परवानगी नव्हती, त्या हॉलचे पाय त्यांच्या आवाजावर वळत होते. त्यांना तिथे मान होता असं याचा अर्थ कोणी काढू नये, तो नव्हताच. पण स्टेजवरून येणारा आवाज हॉलमधल्या बहुसंख्यांसारखा असावा अशी या कलेची कधीच अट नव्हती. आणि शिकायला हे लोक तयार नसतात असंही नाही. गेल्या काही वर्षांत किती तरी हॉलांनी 'जेंट्स-लेडीज' सोडून लार्क-रॉबिन घेतलं, 'जिप्सी' या फिगरचं नाव रोमा लोकांचा अपमान होतो म्हणून बदलून 'राइट शोल्डर राउंड' केलं. कुरकुर झाली, वाद झाले, आणि आज सत्तरीतली माणसंही ते शब्द सहज वापरतात.

शिवाय तुम्ही एक गोष्ट विसरताय. तीस वर्षं नाचणारा माणूस आजही तुमच्या आवाजावर डावीकडे वळतो. तुम्ही मात्रा यायच्या आधी 'सर्कल लेफ्ट' म्हणता आणि दीडशे पाय एकदम निघतात. तो विश्वास तुम्हाला मिळालेलाच आहे.

तरीही, जे नियम हॉलचे आहेत ते हॉलने सांगावेत. 'इथे कोणीही कोणालाही नाही म्हणू शकतं, आणि काही त्रास झाला तर या दोघांकडे या,' हे सुरुवातीला आयोजकांपैकी कोणीतरी, आपल्या तोंडाने, अर्ध्या मिनिटात सांगावं. कॉलर आज इथे तर उद्या दुसऱ्या गावात, आयोजक मात्र तिथलेच. हात कसा धरायचा हे तुम्ही शिकवा. कोणाला हॉलमध्ये येऊ द्यायचं हे त्यांनी ठरवावं. आयोजकांनी 'तुम्हीच शिकवा' म्हणताना या दोन्ही गोष्टी तुमच्या पदरात टाकल्या. त्यातली दुसरी नम्रपणे परत द्या.

यातूनच त्या गृहस्थांचा प्रश्न येतो. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून माइकवरून सगळ्यांना उद्देशून काही बोलू नका. मी ते करून पाहिलं आहे. ज्याच्यासाठी ते बोलणं असतं त्याला ते आपल्याबद्दल आहे असं कधीच वाटत नाही, आणि ज्यांचे हात आधीच हळुवार आहेत ते दहा जण घाबरून आणखी आखडतात. त्या गृहस्थांशी दोन आयोजकांनी बाजूला घेऊन बोलावं, नाच सुरू होण्याआधी, उभ्याउभ्या नव्हे, बसून. काय घडलं ते सांगावं आणि पुढे काय हवं ते सांगावं: 'अमुक तारखेला गिरकी देताना एकीच्या खांद्याला दुखापत झाली. यापुढे तुम्ही हात वर कराल, पण फिरवणार नाही.' 'इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नाही' असं ते म्हणतील. खरंही असेल. मी वर म्हटलं तसं, शेजारी निवडता येत नाही. ज्यांना त्यांचा हात नको होता त्या बायका त्यांच्याबरोबर जोडीने नाचणं टाळत असतील, पण रांगेतून ते समोर आलेच की अर्धा मिनिट दात दाबून काढत असतील. 'नको असेल तर नाचू नका' हा सल्ला म्हणूनच या नाचात पुरत नाही. बोलण्यानंतर दोन-तीन महिने लक्ष ठेवावं, आयोजकांनी तारखेसह लिहून ठेवावं, आणि तेच पुन्हा घडलं तर काही काळ येऊ नका असं सांगावं. कठोर वाटेल. पण त्यांना येऊ देण्यासाठी तुम्ही न आलेल्या किती जणींना गमावताय, हेही मोजायला हवं.

ते गृहस्थ वाईटच असतील असं मी धरून चालत नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या गिरक्यांना कोणी टाळ्या वाजवल्या असतील. त्यांना नेमकं, स्पष्ट आणि चारचौघांत अपमान न करता सांगितलं तर बदलण्याची शक्यता मला खरंच वाटते. असे बदललेले दोघे-तिघे मी पाहिले आहेत.

हे वाचणाऱ्यांत मंगळागौरीचे खेळ, लेझीम किंवा गरबा शिकवणाऱ्या मैत्रिणी असतील, न्यू जर्सीत असोत नाहीतर नाशिकला. तुमचीही अडचण फार निराळी नाही. पन्नाशीच्या बायका नऊवारीत, गुळगुळीत फरशीवर, तीस वर्षांनी पहिल्यांदा फुगडी घालायला उभ्या राहतात, तेव्हा वेगाआधी हात सोडण्याचा सराव घ्या. कंबर, गुडघा, रक्तदाब हे सगळ्यांसमोर विचारू नका. 'आज ज्यांना बसून टाळ्या द्यायच्या आहेत त्यांनी या बाजूला' असं सांगा, म्हणजे कोणाला कारण द्यावं लागणार नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नव्हती, म्हणून विचारते. ज्या बाईंचा खांदा दुखावला त्या आता कशा आहेत? त्यांच्याशी कोणी बोललं का? आयोजक त्या गृहस्थांशी बोलायच्या आधी या बाईंना विचारायला हवं की त्यांना काय हवंय, आपलं नाव घेतलेलं चालेल का, आणि पुन्हा यायचं असेल तर काय असलं म्हणजे त्यांना बरं वाटेल. कदाचित त्या म्हणतील, मला फक्त चालते नाच हवेत. मग तुमच्याकडे कार्डं आहेतच. पुढचा कार्यक्रम व्हायच्या आत त्यांना फोन करा, आणि तो आयोजकांवर न सोडता तुम्ही स्वतः करा.